जोडीदाराच्या घरचा पहिला नाताळ: सासष्टीतल्या कॅथलिक घरात जाण्याआधी आणि गेल्यावर

नाताळला जोडीदाराच्या घरी जायचे ठरले की बहुतेक मराठी माणसे २५ डिसेंबरची सकाळ डोळ्यांसमोर ठेवून तिकीट काढतात आणि तिथेच पहिली चूक होते. गोव्यातल्या, विशेषतः सासष्टीतल्या, कॅथलिक घरात नाताळ उगवतो तो २४ तारखेच्या रात्री, आणि त्या रात्रीच्याही आधी आठ-दहा दिवस तो स्वयंपाकघरात चाललेला असतो. २५ तारखेला दुपारी पोचणारा माणूस म्हणजे लक्ष्मीपूजन आटोपून फराळाचे डबे भरून झाल्यावर आलेला पाहुणा. त्याचे स्वागत होते, त्याला पोटभर वाढलेही जाते, पण घर त्याच्याशिवाय जमलेले असते.

माझे माहेर पुण्याचे आणि सासर सासष्टीतले. पहिला नाताळ मी लग्नाआधी, घरच्यांना नुकतीच ओळख करून दिलेली मुलगी म्हणून काढला आणि नंतरचे सगळे सून म्हणून. पुढे लिहिले आहे ते या अनुभवावर बेतलेले असल्यामुळे ते गोव्याच्या कॅथलिक घरांना जसे लागू पडते तसे इतरत्र पडेलच असे नाही. वसईत, उदाहरणार्थ, मीस, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना, मराठीतून होत असल्यामुळे भाषेचा प्रश्नच उरत नाही आणि ताटात इडलीसारख्या सान्नांच्या जागी फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, येतात. तरीही जायच्या आधी काय ठरवावे आणि कुठे आपण मागे राहावे, याचा हिशेब दोन्हीकडे बराचसा सारखाच आहे.

निघण्याआधी जोडीदाराशी बोलून घ्यावे

हे बोलणे किमान महिनाभर आधी आणि निवांतपणे व्हावे, कारण गाडीत बसल्यावर विचारलेल्या प्रश्नांना घाईची उत्तरे मिळतात. पहिला प्रश्न असा की घरी आपली ओळख कोण म्हणून करून दिली आहे. ‘मैत्रीण’, ‘लग्न ठरलेली मुलगी’ आणि ‘ऑफिसातली सहकारी’ या तीन ओळखींना घरात तीन वेगवेगळ्या जागा मिळतात, आणि आई-वडिलांना एक सांगितले असेल व मावशीला दुसरे, तर ते नाताळच्या जेवणावर हमखास उघडे पडते. दुसरा प्रश्न झोपण्याच्या व्यवस्थेचा. लग्न झालेले नसेल तर वेगळी खोली मिळणार हे गृहीत धरावे आणि घरच्यांना तो विषय काढावा लागण्याआधी आपणच जोडीदारामार्फत तसे कळवून टाकावे. शहरात दोघे एकत्र राहत असलात तरी त्या घरात त्या घराची रीत चालते.

तिसरी गोष्ट माणसे सहसा विचारत नाहीत, ती म्हणजे त्या वर्षी कुटुंबात कोणाचा मृत्यू झाला आहे का. झाला असेल तर घरात गोडधोड केले जात नाही, सजावटही बेताचीच असते आणि शेजारीपाजारी गोड पदार्थ पाठवतात. आपल्याकडे दुःखाच्या वर्षी दिवाळीचा फराळ शेजारून येतो, तशीच ही रीत आहे. अशा घरात भडक कपडे आणि भेटवस्तूंचा ढीग घेऊन उतरणे किती विचित्र दिसेल ते सांगायला नको.

चौथी गोष्ट धर्माची. चर्चमध्ये जाणार का, घरच्या प्रार्थनेला बसणार का, हे आपल्या मनाशी आधी ठरवावे. मी दोन्हीकडे गेले, कारण मला त्यात अडचण वाटली नाही. एखाद्याला वाटत असेल तर त्याने जोडीदाराला आधीच सांगावे म्हणजे ऐनवेळी डोके दुखल्याचे निमित्त करावे लागत नाही. याच बोलण्यात लग्नाचाही विषय उरकून घ्यावा, कारण कोणीतरी काका जेवताना तो काढतोच. इतके माहीत असले तरी पुरते: चर्चमध्ये लग्न करायचे झाल्यास बाप्तिस्मा न घेतलेल्या जोडीदाराला धर्म बदलावा लागत नाही, बिशपांची विशेष परवानगी घ्यावी लागते आणि कॅथलिक जोडीदाराला, मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचा आपल्या परीने पूर्ण प्रयत्न करू, असे वचन द्यावे लागते, ज्याची कल्पना दुसऱ्या जोडीदाराला दिली जाते. हे वचन ही साधी औपचारिकता नाही, म्हणून त्यावर दोघांचे मत काय आहे ते दोघांना माहीत असावे. जेवणाच्या टेबलावर मात्र ‘आम्ही त्यावर बोलतो आहोत’ एवढेच उत्तर द्यावे.

आपल्या घरीही सरळ सांगून जावे. मी पहिल्या वर्षी ‘मैत्रिणींबरोबर गोव्याला’ असे सांगितले होते. आईला खरे कळले ते फोनवर मागून ऐकू येणाऱ्या कॅरोलमुळे, आणि त्या रात्री चर्चच्या मैदानाच्या कडेला उभे राहून तिची समजूत काढण्यात माझा अर्धा तास गेला.

तारखा आणि प्रवास

२१ किंवा २२ डिसेंबरला पोचावे आणि २६ ला दुपारनंतर निघावे. एवढा मुक्काम पहिल्या वेळेला पुरतो. ३१ डिसेंबरला रस्त्यावर ‘जुनो म्हातारो’ नावाचा सरत्या वर्षाचा पुतळा जाळतात तो पाहायला थांबण्याचा मोह होतो, पण पहिल्याच भेटीत दहा दिवस एखाद्याच्या घरात राहणे दोन्ही बाजूंना जड जाते.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होते, म्हणजे २२ डिसेंबरच्या प्रवासाची खिडकी ऑक्टोबरच्या उत्तरार्धातच उघडते. मुंबईहून कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी, तेजस किंवा वंदे भारत यांपैकी कोणतीही गाडी मडगावला सोडते आणि मडगाव हेच सासष्टीचे मुख्य शहर आहे. विमानाने जाणाऱ्यांनी तिकीट काढताना विमानतळाचे नाव नीट वाचावे. दाबोळी सासष्टीला जवळ आहे. मोपा उत्तरेच्या टोकाला, पेडणे तालुक्यात आहे, आणि तिथून मडगाव गाठताना नाताळच्या रहदारीत तिकिटात वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात.

काय न्यावे

केक नेऊ नये. घरात तो असतो, शेजारून येतो आणि शिवाय विकत आणलेला केक घरच्या केकशेजारी ठेवला जाणे हे आणणाऱ्यासाठीच अवघड होते. जे तिथे होत नाही ते न्यावे. पुण्याची बाकरवडी, नाशिकचे मनुके, घरचा चिवडा. मी दरवर्षी आईच्या हातचा पातळ पोह्यांचा चिवडा नेते आणि तो २४ च्या दुपारपर्यंत संपतो, कारण चार दिवस गोडाच्या वासात काम करणाऱ्या माणसांना काहीतरी तिखट-खारट हवे असते. घरातल्या लहान मुलांसाठी प्रत्येकी काहीतरी वेगळे न्यावे आणि मुले किती ते आधी विचारून घ्यावे, कारण शेजारची भावंडेही त्यांत मोजली जातात.

कपड्यांचे म्हणाल तर मीससाठी एक खरोखरचा चांगला जोड हवा. त्या रात्री सगळे गाव नवे कपडे घालून येते, पुरुष कोट किंवा निदान पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट घालतात. स्त्रियांनी साडी नेसली तर ती कौतुकाने पाहिली जाते. ड्रेस असेल तर खांदे झाकलेले असावेत. मीस मोकळ्या मैदानात असेल तर रात्री गारवा जाणवतो, म्हणून शाल आणि मैदानाच्या मातीत न रुतणाऱ्या चपला न्याव्यात. समुद्रकिनाऱ्यावरचे कपडे बॅगेच्या तळाशी राहू द्यावेत.

स्वयंपाकघर

या सबंध प्रवासात आपली खरी ओळख इथे होते. सासूबाईंशी बैठकीच्या खोलीत दोन तास गप्पा मारून जे साधत नाही ते पाटावर बसून शंभर नेवऱ्या केल्यावर साधते, आणि मराठी माणसाला ही संधी आयती मिळते, कारण नेवरी म्हणजे करंजीच. सारणात रवा किंवा खोबरे, साखर, वेलची, कुठे खसखस, कुठे काजू-बेदाणे. पारी लाटायची, सारण भरायचे, कडा दाबायच्या आणि तळायचे. पहिल्या वर्षी मला लाटण्यापासून दूर ठेवून फक्त बेदाणे निवडायला बसवले होते. मी एक पारी उचलली, भरली आणि कातण न वापरता आजीने शिकवलेली मुरड घातली. सासूबाईंनी ती नेवरी हातात घेतली, दिव्याखाली उलटसुलट करून पाहिली, घरातल्या दोघींना दाखवली आणि काही न बोलता पाऱ्यांचे ताट माझ्याकडे सरकवले. पुढचे दोन तास मुरडी घालणे हेच माझे काम होते.

कुलकुलांना, म्हणजे ‘किडयो’ना, कौशल्य कमी आणि चिकाटी जास्त लागते. पिठाची लहान गोळी काट्याच्या चमच्याच्या मागच्या बाजूवर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची की तिच्यावर रेघा उमटतात आणि ती तळली जाते. हे काम टेबलाभोवती बसून सगळे घर करते, त्यामुळे कुटुंबातल्या जुन्या गोष्टी, कोण कोणाशी बोलत नाही आणि का, हे सगळे इथे कानावर पडते. ऐकावे, मत देऊ नये.

दोदोल मात्र अंगमेहनतीचा पदार्थ आहे. नारळाचे दूध, माडाचा काळा गूळ आणि तांदळाचे पीठ जाड बुडाच्या पातेल्यात एकत्र करून काही तास सतत ढवळावे लागते, आणि मिश्रण घट्ट होत जाते तसा डाव हलेनासा होतो. तूपकट तेल सुटून गोळा पातेल्याची कड सोडू लागला की झाले. एका माणसाच्याने हे होत नाही, पाळ्या लावतात. घरात आलेल्या नव्या पुरुषाने बाहेर बाल्कांवात, म्हणजे ओसरीत, बसून सासऱ्यांशी फुटबॉलवर बोलण्यापेक्षा दोदोलाची एक पाळी घ्यावी. माझ्या नणंदेचा नवरा केरळचा. तो या घरात रुळला तो दोदोल ढवळतानाच, आणि अजूनही शेवटची पाळी त्याचीच असते.

बेबिंकाच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नये. तिचे थर एकेक करून, वरून विस्तव देऊन भाजतात. परंपरेने सात, हौशी लोक त्याहून जास्त. एक थर करपला तर सगळी बेबिंका गेली, आणि ती कोणामुळे गेली हे पुढची अनेक वर्षे सांगितले जाते.

भाषेबद्दल थोडेसे

कोकणी आपल्याला कळते असे मराठी माणसाला वाटते आणि पहिल्या अर्ध्या तासात ते खरेही ठरते. घोळ होतो तो रोजच्या छोट्या शब्दांत. ‘उदक जाय?’ असे मला विचारले तेव्हा पाणी कुठे जायचे आहे ते मला कळेना. ‘जाय’ म्हणजे हवे, ‘नाका’ म्हणजे नको. जेवताना सर्वांत उपयोगी शब्द ‘पुरो’, म्हणजे बास, आणि तो लवकर म्हणावा कारण पहिल्या दोन ‘पुरों’ना वाढणारी व्यक्ती दाद देत नाही. कोणी आपल्याला ‘तूं’ म्हणाले किंवा मुलगा वडिलांना ‘तूं’ म्हणताना ऐकू आला तर दचकू नये. त्यात उर्मटपणा नसतो. आपण मात्र लग्नाआधी ‘अंकल-आंटी’ म्हणावे, नंतर घरातली मुले जे म्हणतात ते. आभार मानायचे झाले तर ‘देव बरें करूं’. हे तीन शब्द वेळेवर उच्चारले की म्हातारी माणसे खूश होतात.

संध्याकाळी घरातल्या ओरातोरासमोर, म्हणजे देवघरासमोर, तेर्स होतो. जपमाळेची ही प्रार्थना वीस-पंचवीस मिनिटे चालते. शांत बसावे, फोन दूर ठेवावा. तेर्स संपला की लहान माणसे मोठ्यांकडे ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागतात. आपण हात जोडून पुढे झालो तरी चालते. डोक्यावर हात ठेवला जातो आणि काही समजावून सांगावे लागत नाही.

गोठा आणि तारा

बाहेर येशूजन्माचा गोठा उभा करण्याचे काम घरातल्या मुलांकडे असते. भाताची रोपे ट्रेमध्ये उगवून त्यांचे शेत करतात, तळ्यासाठी आरसा ठेवतात. बाळ येशूची मूर्ती त्यात २४ च्या रात्रीपर्यंत ठेवत नाहीत. ती उत्साहाने आधीच ठेवू नये. दारावर टांगायचा तारा बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद घेऊन घरी करत असतील तर आकाशकंदील केलेल्या माणसाने तिथे आपला हात दाखवावा.

२४ ची रात्र

मीसची वेळ गावागणिक वेगळी असते, म्हणून ती विचारून घ्यावी. मध्यरात्रीच्या मीसला पोर्तुगीजमध्ये ‘मिसा दो गालो’, कोंबड्याचा मीस, म्हणत आणि जुनी माणसे अजूनही म्हणतात. गर्दीमुळे तो बऱ्याच ठिकाणी चर्चसमोरच्या मैदानात होतो. अर्धा-पाऊण तास आधी पोचावे. त्या वेळात कॅरोल चालू असतात आणि ज्यांच्याशी ओळख करून द्यायची असे सगळे नातेवाईक याच वेळात भेटतात.

मीस एक ते दीड तासाचा असतो. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या आठवड्यांत न गायलेले ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत त्या रात्री पुन्हा गायले जाते आणि चर्चच्या घंटा वाजू लागतात. कोकणीचे एक अक्षर कळत नसले तरी तो क्षण कळतो. नंतर वाचने आणि प्रवचन होते. बाकी काय करावे याचा नियम सोपा आहे: सगळे उभे राहिले की उभे राहावे, बसले की बसावे. गुडघे टेकण्याची सक्ती आपल्यावर नसते. त्या वेळी शांत बसून राहिले तरी कोणी वाईट मानत नाही, पण ताठ उभे राहून मागच्यांची दृष्टी अडवू नये. नाताळच्या मीसमध्ये श्रद्धेचा अंगीकार म्हणतानाही एका ओळीला लोक गुडघे टेकतात, त्यामुळे एरवी मीसला गेलेला पाहुणाही तिथे गोंधळतो. दान गोळा करणारी थैली फिरते तिच्यात काहीतरी टाकावे. सुटे पैसे आधीच हातात ठेवावेत. शांतीच्या अभिवादनाला शेजारी-पाजारी वळून हात जोडतात, तिथे आपणही मनापासून हात जोडावेत.

जिथे थांबायचे ती जागा एकच आहे. कम्युनियनच्या वेळी लोक रांगेने पुढे जाऊन पवित्र भाकर घेतात. कॅथलिक नसलेल्याने ती घेऊ नये. प्रसाद नाकारू नये हा आपला संस्कार इथे आड येतो आणि सभ्यपणामुळेच माणसे रांगेत उभी राहतात. त्यांच्या श्रद्धेनुसार ती भाकर म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्ताचे शरीर आहे, त्यामुळे ‘आदर म्हणून’ घेणे हाच अनादर ठरतो. जागेवर बसून राहावे आणि रांगेतल्यांना जाता यावे म्हणून पाय बाजूला घ्यावेत. आपल्यासारखे बसून राहिलेले आणखी कितीतरी जण तिथे असतात.

मीस संपल्यावर मिठ्या, शुभेच्छा, कुठे कॉफी-केक. ‘खुशाल नाताळ’ म्हटले तरी पुरे. घरी परतल्यावर बाळ येशू गोठ्यात ठेवला जातो, वाईन आणि केक निघतो, आणि झोपायला दोन-अडीच वाजतात.

२५ तारीख: ताट, ग्लास आणि दारावरची माणसे

मुख्य ताटात सोरपोतेल असते. डुकराचे मांस आणि काळीज बारीक कापून, मसाला आणि माडाचे व्हिनेगर घालून ते दोन-तीन दिवस आधी करतात आणि रोज गरम करतात, म्हणजे मुरते. सोबत सान्नां: इडलीसारखी, पण सूर, म्हणजे माडी, घालून आंबवलेली. शाकाहारी माणसाने आपण काय खात नाही ते जोडीदारामार्फत आधी कळवावे आणि सोबत काय खातो तेही कळवावे, म्हणजे यजमानांची पंचाईत होत नाही. सान्नां, दोदोल, हरभऱ्याच्या डाळीचे ‘दोस’ आणि पेरूची ‘पेराद’ निर्धास्त खावी. बेबिंका आणि बात्क, म्हणजे रवा-खोबऱ्याचा केक, यांत अंडी असतात, कुलकुलांत बऱ्याच घरी असतात, पुलावात कोंबडीचा रस्सा असू शकतो आणि सॅलडवर मेयोनेज असते. जे खात नाही त्याकडे पाहून चेहरा करू नये. वासाबद्दल बोलू नये. मांसाहारी असून डुकराचे मांस कधी खाल्ले नसेल तर एक चमचा घेऊन पाहावे, आणि नाहीच रुचले तर ताटात तसेच चिवडत बसण्यापेक्षा ‘पुरो’ म्हणावे.

फेणीचा ग्लास पुढे येईल. न पिणाऱ्याने लिंबू-सोड्याचा ग्लास उंचावला तरी तो धरला जातो. पिणाऱ्याने पहिल्या ग्लासावर थांबावे, कारण दुपारनंतर घरोघरी जायचे असते आणि गाडी कोणीतरी चालवायची असते.

दुपारनंतर ‘कॉन्सुआद’ पाठवायची असते. ताटात नेवऱ्या, कुलकुलां, दोदोल, केकचे तुकडे मांडून, वर विणलेला रुमाल घालून ते शेजाऱ्यांकडे जाते. काही गावांत २४ लाच जाते. हिंदू शेजाऱ्यांकडेही जाते, कारण चतुर्थीला आणि दिवाळीला त्यांच्याकडून आलेले असते. हे ताट घेऊन जाण्याचे काम आपणहून मागून घ्यावे. एका तासात सगळ्या वाड्याला आपण कोण ते कळते आणि पुढच्या खेपेला ओळख करून द्यावी लागत नाही. प्रत्येक दारात थोडे खावे लागते, म्हणून दुपारचे जेवण हात राखून घ्यावे.

याच फेऱ्यांत ‘लग्न कधी’, ‘चर्चमध्ये का रजिस्टर’, ‘तुमच्यात मांस चालते का’ असे प्रश्न येतात. बहुतेक वेळा त्यांत खोच नसते. खोच असली तर उत्तर जोडीदाराने द्यावे. हे आधीच्या बोलण्यात ठरलेले असेल तर तो किंवा ती गप्प बसून आपल्याकडे पाहत राहत नाही.

निघताना

२६ ला सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पाव देऊन गेला की आवराआवर सुरू होते. भांडी घासण्यात, खुर्च्या परत करण्यात हात लावावा. या दिवशी घरचे सगळ्यांत थकलेले असतात. आपल्या घरच्यांसाठी एक डबा भरून मिळतो. दोदोल आणि नेवऱ्या प्रवासात टिकतात, बेबिंका पोचल्या पोचल्या फ्रीजमध्ये ठेवावी, आणि आईला डब्यातल्या कशात अंडे आहे ते आधी सांगावे. डबा बहुधा स्टीलचा असतो आणि त्याच्या बुडावर घरातल्या कोणाचे तरी नाव कोरलेले असते. तो सांभाळून ठेवावा. गणपतीत किंवा दिवाळीत जोडीदाराला आपल्या घरी बोलवाल तेव्हा तोच डबा चकल्या भरून परत पाठवायचा असतो.